परदेशात सेल्फ ड्राईव्ह गाडी घ्यायचीय? कोल्हापुरातनं निघायच्या आधीपासून किल्ली परत देईपर्यंत सगळं

करूळ घाट भर पावसात, धुक्यात, समोरनं एसटी येत असताना उतरवलेल्या माणसाला परदेशातला रस्ता जड जात नाही, हे मी मनापासून सांगतो. तिकडं रस्ते रुंद, पट्टे मारलेले, पाट्या जागच्या जागी. जड जातं ते बाकीचंच: लायसनवरचं नाव, क्रेडिट कार्डाची लिमिट, काउंटरवर घाईत सही करायला लावतात तो विम्याचा कागद, आणि गाडी ताब्यात आल्यानंतरचा पहिला एक तास. यातलं निम्म्याहून जास्त काम कोल्हापुरातच बसून उरकता येतं आणि ते इथंच उरका.

गाडी लागतीय का, ते आधी ठरवा

पॅरिस, लंडन, टोकियो, सिंगापूर असल्या शहरात फिरायला गाडी घेऊ नका. मेट्रो आहे, बस आहे, आणि पार्किंगचे पैसे बघितले तर डोळे पांढरे होतील. गाडीची खरी मजा शहराच्या बाहेर, न्यूझीलंडचं दक्षिण बेट, स्कॉटलंड, आइसलँड, इटलीतला टस्कनीचा भाग, जपानमधलं होक्काइडो, जिथं वाटेत मन होईल तिथं थांबायचं असतं. सोबत म्हातारे आई-वडील किंवा लहान पोरं असतील तर मग गाडीला पर्यायच नाही, बॅगा ओढत प्लॅटफॉर्म बदलण्यात सगळ्यांचा जीव जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे रस्त्याची बाजू. आपल्यासारखं डावीकडनं चालणारे देश: ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, थायलंड, मलेशिया, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका. उजवीकडनं चालणारे: जवळपास सगळा युरोप, अमेरिका, दुबई, ओमान, जॉर्जिया. पहिल्यांदाच परदेशात गाडी हातात घेणार असाल तर माझं स्पष्ट मत आहे, डावीकडचा देश निवडा. आणि चीनला जाणार असाल तर विषयच सोडा, तिथं आपलं इंटरनॅशनल परमिट चालत नाही.

लायसन आणि आयडीपी

आयडीपी म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, हे आपल्याच आरटीओतनं मिळतं, कोल्हापूरकरांसाठी ताराबाई पार्कातलं ऑफिस. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, फॉर्म 4A, सरकारी फी 1000 रुपये. लायसन, पासपोर्ट, फोटो लागतात, प्रवासाचं तिकीट काढलं असेल तर तेही जोडा. पूर्वी व्हिसा आणि मेडिकल सर्टिफिकेट हवंच असायचं, 2021 ला ती अट काढली, कारण कितीतरी देशात व्हिसा उतरल्यावरच मिळतो. परमिट एक वर्ष चालतं, किंवा मूळ लायसनची मुदत त्याच्या आधी संपत असेल तर तिथपर्यंतच. म्हणून आधी लायसनची तारीख बघा, दोन महिन्यात संपणार असेल तर अगोदर रिन्यू करून घ्या आणि मगच आयडीपी.

नेटवर "तीन वर्षाचं इंटरनॅशनल लायसन घरपोच" असल्या वेबसाईट दिसतील, डॉलरमध्ये पैसे मागतात. ते पुस्तक दिसायला भारी असतं पण त्याला कायद्यानं किंमत शून्य. भारतीय लायसन असेल तर खरं आयडीपी फक्त आरटीओचंच.

काही देशात नुसतं इंग्रजीतलं लायसन चालतं, ब्रिटनमध्ये टुरिस्टला 12 महिन्यांपर्यंत चालतं, न्यूझीलंडमध्ये पण चालतं. जपानमध्ये मात्र 1949 च्या जिनिव्हा करारातलं आयडीपी नसेल तर काउंटरवरनं सरळ परत पाठवतात, आपलं त्याच करारातलं आहे त्यामुळं काळजी नाही. माझं म्हणणं एवढंच, कुठंही जा, काढूनच जा. हजार रुपयात डोक्याची कटकट जाते.

आयडीपी एकटं चालत नाही, सोबत मूळ लायसनचं प्लॅस्टिक कार्ड लागतंच. आपल्याकडं पोलिसाला डिजिलॉकर दाखवून निभावतं, तिकडच्या काउंटरवर मोबाईलमधलं लायसन कुणी बघत नाही. आणि बहुतेक कंपन्या लायसन किमान एक वर्ष जुनं मागतात, त्यामुळं पोराला नुकतंच लायसन मिळालंय आणि तो तिकडं चालवेल असं गृहीत धरू नका. त्यात वय 25 च्या आत असेल तर बऱ्याच ठिकाणी वरचा चार्ज लावतात.

थायलंड, बालीला स्कूटर घेणाऱ्यांसाठी एक ओळ: आयडीपीवर मोटरसायकलचा शिक्का असायला पाहिजे. नुसता कारचा असेल आणि स्कूटरवरनं पडलात तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाला हात वर करतो.

नावाचा घोळ

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हा आपल्याकडचाच खास प्रॉब्लेम आहे. पासपोर्टवर नाव, वडलांचं नाव, आडनाव; लायसनवर आडनाव आधी; क्रेडिट कार्डवर नुसती इनिशियल आणि आडनाव. बायकांचं तर अजून अवघड, लायसन माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या नावानं, कार्डवर तिसरंच काहीतरी. तिकडच्या काउंटरवरच्या पोरीला आपल्या पद्धती माहीत नसतात, तिला तिन्हीवर एकच नाव दिसायला पाहिजे. एके दिवशी रात्री जेवण झाल्यावर पासपोर्ट, लायसन, कार्ड टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. स्पेलिंग पण बघा, एकीकडं एक ए आणि दुसरीकडं दोन ए असतात. आडनावच वेगळं असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम तिकीट काढायच्या आधीचं. बुकिंग करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाका.

कार्ड

डेबिट कार्ड, फॉरेक्स कार्ड, रोख, यातलं काहीही घेऊन गेलात तर गाडी मिळेलच याची खात्री नाही. बहुतेक कंपन्यांना क्रेडिट कार्ड लागतं आणि ते मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं. बायको चालवणार आणि कार्ड नवऱ्याचं, हे जमत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड न्या.

2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळं नवीन कार्डवर परदेशी वापर बंदच असतो, तो ॲपमध्ये जाऊन चालू करायचा, दुकानातला आणि ऑनलाईन दोन्ही. आणि लिमिट तपासा. गाडी देताना ते डिपॉझिटची रक्कम ब्लॉक करतात, कापत नाहीत पण अडकवून ठेवतात, आणि ही रक्कम भाड्यापेक्षा मोठी पण असू शकते. गाडी परत दिली म्हणजे लगेच सुटते असं नाही, कधी दोन-तीन आठवडे जातात. त्याच कार्डवर हॉटेल पण बुक असेल तर लिमिट संपून ऐन काउंटरवर कार्ड नाकारलं जातं. दोन कार्डं ठेवा. मशीनवर "रुपयात घेऊ का" असं विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या, रुपयात घेतलं की त्यांचा रेट महाग पडतो.

बुकिंग करताना

ऑटोमॅटिक घ्या. युरोपात स्वस्त गाड्या मॅन्युअल असतात, ऑटोमॅटिक लवकर संपतात, म्हणून लवकर बुक करा. उजवीकडच्या देशात स्टिअरिंग डावीकडं, म्हणजे गिअर उजव्या हातानं टाकायचा, रस्त्याची बाजू सांभाळायची का गिअर शोधायचा? थोडे जास्त पैसे जातील, जाऊ द्या.

गाडीचा साईज बॅगांवरनं ठरवा, माणसांवरनं नाही. पाच सीटची छोटी गाडी घेतली तर चार माणसं बसतात पण चार मोठ्या बॅगा डिकीत बसत नाहीत. दुसरा ड्रायव्हर असेल तर त्याचं नाव अगोदर टाका, त्याचे वेगळे पैसे असतात. ज्याचं नाव कागदावर नाही त्यानं पार्किंगमधनं गाडी काढली तरी विमा गेला, भाच्याला हौस म्हणून सुद्धा किल्ली द्यायची नाही. लहान मुलांची सीट आधीच मागवा, मांडीवर घेऊन बसवायची पद्धत तिकडं चालत नाही, ब्रिटनमध्ये 12 वर्षं किंवा 135 सेंटीमीटर उंची होईपर्यंत सीट लागते.

बॉर्डर ओलांडायची असेल तर बुकिंगच्या वेळीच विचारा. दुबईहून ओमानला वेगळा विमा आणि कंपनीचं पत्र लागतं. फ्युएल पॉलिसी "फुल टू फुल" वालीच निवडा, भरलेली घ्यायची भरून द्यायची, बाकीच्या सगळ्यात आपलं नुकसान.

विमा: इथं डोकं शांत ठेवा

भाड्यात साधारण एक बेसिक विमा धरलेला असतो. अमेरिकेत मात्र नीट तपासा, तिथं बऱ्याचदा तो वेगळा घ्यावा लागतो. बेसिक असला तरी त्यात एक्सेस नावाची रक्कम असते. समजा एक्सेस 1500 युरो आहे आणि गाडीला 900 युरोचा खर्च आला, तर ते 900 सगळे तुमचे. 4000 चा आला तर तुमचे 1500, बाकी विमावाल्याचे. काउंटरवरचा माणूस हा एक्सेस शून्य करायचं पॅकेज विकतो, रोजच्या हिशोबानं, आणि ते विकणं हे त्याचं कामच आहे.

घ्यायचं का? पहिल्यांदा जाताय, उजवीकडचा देश आहे, घरातली माणसं सोबत आहेत, तर घ्या. पैसे जातात पण दहा दिवस प्रत्येक पार्किंगमध्ये पोटात गोळा येत नाही. फक्त सही करायच्या आधी एवढं विचारा: टायर, काच, गाडीचं पोट आणि छत यात आहे का? कारण नेमकं हेच बऱ्याचदा वगळलेलं असतं. बुकिंगच्या वेबसाईटवर जो स्वस्त विमा मिळतो तो वेगळा प्रकार आहे, त्यात आधी तुम्ही कंपनीला पैसे भरायचे आणि मग पावत्या देऊन परत मागायचे. तो घेतला असला तरी डिपॉझिट पूर्णच ब्लॉक होतं.

आणि कितीही भारी विमा घ्या, काही गोष्टी कशातच बसत नाहीत: चुकीचं पेट्रोल-डिझेल, दारू पिऊन चालवणं, मनाई असलेल्या रस्त्यावर नेणं. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाऊनजवळचा स्किपर्स कॅन्यन रोड आणि नाइन्टी माईल बीच बहुतेक करारात मनाई असतात. आइसलँडमध्ये वाऱ्यानं दार उलटं फिरलं तर खर्च तुमच्याच माथी, तिथं दार उघडताना एका हातानं धरून ठेवायचं. ऑस्ट्रेलियात बऱ्याच करारात कच्च्या रस्त्याला बंदी असते, आणि संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात म्हणून दुर्गम भागात रात्री चालवायलाही.

किल्ली हातात आल्यावर

किल्ली मिळाली की घरचे लगेच बॅगा भरायला धावतात. थांबवा त्यांना. आधी मोबाईल काढा, व्हिडिओ सुरू करा, नंबर प्लेटपासून सुरू करून गाडीभोवती सावकाश एक फेरी मारा. उभ्यानं बघून उपयोग नाही. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला वाकून बघा, फूटपाथला घासलेल्याचे चरे तिथंच असतात. चारही चाकांच्या रिम, प्रत्येकीवर दोन सेकंद कॅमेरा थांबवा. पुढच्या काचेवर बोट फिरवा, तांदळाच्या दाण्याएवढा टवका असतो तो नजरेला दिसत नाही पण बोटाला लागतो. आरसे, दाराच्या कडा, छत. आत येऊन किलोमीटर आणि टाकीचा काटा. मग त्यांच्या कागदावर गाडीचं चित्र असतं, त्यात प्रत्येक चरा, प्रत्येक पोचा मार्क झालाय का बघा, नसेल तर परत काउंटरवर जाऊन लिहून घ्या. पार्किंगमध्ये अंधार असेल तर गाडी उजेडात घेऊन हे करा, पण गेटच्या बाहेर पडायच्या आत.

मग सीटवर बसून पाच मिनिटं नुसतं बघा. टाकीचं झाकण कुठल्या बाजूला, स्टेपनी आहे का नुसतं पंक्चरचं किट, हँडब्रेक बटणाचा आहे का, रिव्हर्स कसा पडतो. आणि इंडिकेटर. आपल्या मारुती, टाटा, ह्युंदाईत इंडिकेटर उजव्या हाताला, युरोपातल्या गाड्यात डाव्या, ब्रिटनमध्ये स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडं असूनही इंडिकेटर डावीकडंच. वळायच्या वेळी कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागतात, घाबरू नका, एक दिवसात हात सरावतो.

पहिला तास

कोल्हापुरातनं रात्रीच्या महालक्ष्मीनं किंवा व्होल्वोनं मुंबई, मग विमान, मध्ये कुठंतरी चार तास बसणं, उतरेपर्यंत माणसाची झोपेची वाट लागलेली असते. त्या अवस्थेत अनोळखी गाडी अनोळखी रस्त्यावर काढू नका. पहिली रात्र एअरपोर्टजवळ हॉटेलात झोपा, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. एक दिवसाचं भाडं पण वाचतं.

उजवीकडच्या देशात एकच खूण लक्षात ठेवा: ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला. इथं पण तसंच आहे, तिकडं पण तसंच. मी फूटपाथच्या कडेला बसलोय असं वाटलं की समजायचं चुकीच्या बाजूला आहोत. सरळ रस्त्यावर कुणी चुकत नाही, चूक होते ती मोकळ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपावरनं किंवा हॉटेलातनं बाहेर पडताना, समोर एकही गाडी नसते आणि सवयीनं हात डावीकडं वळतो. शेजारी बसणाऱ्याला हेच काम द्या, प्रत्येक वळणाला त्यानं मोठ्यानं "उजवीकड" म्हणायचं. गाडीत गाणी नाहीत, गप्पा नाहीत, पहिला तास.

जिथं आपली सवय आडवी येते

राउंडअबाउट, म्हणजे सर्कल. आपल्याकडं जो आधी घुसेल त्याचा रस्ता, तिकडं आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला. डावीकडच्या देशात उजवीकडनं येणाऱ्याला जाऊ द्यायचं, उजवीकडच्या देशात डावीकडनं येणाऱ्याला. फट मिळेपर्यंत गप उभं राहा, मागचा हॉर्न मारणार नाही.

स्टॉपची पाटी दिसली की चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता रिकामा असला तरी. अमेरिकेत चारही बाजूला स्टॉप असेल तर जो आधी येऊन थांबला तो आधी निघतो. तिथंच पिवळी स्कूल बस लाल दिवे लावून थांबली की मागच्यांनी तर थांबायचंच, दुभाजक नसेल तर समोरनं येणाऱ्यांनीही. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस नुसता कडेला उभा असला तरी थांबा.

डिपरचा अर्थ बऱ्याच ठिकाणी उलटा आहे. आपण डिपर मारतो "मी येतोय, थांब" म्हणून, ब्रिटनमध्ये लोक मारतात "जा तू आधी" म्हणून. तुम्ही मारला आणि समोरचा निघाला तर आदळाल, म्हणून वापरूच नका. हायवेवर ओव्हरटेक झाला की परत आपल्या लेनमध्ये या, आपल्या पुणे-बेंगळुरू हायवेवर ट्रक जसे उजवी लेन धरून बसतात तसं तिकडं केलं तर दंड बसतो. न्यूझीलंडला एका लेनचे पूल भरपूर आहेत, पाटीवर लहान लाल बाण ज्याच्या दिशेचा त्यानं थांबायचं. वेग ब्रिटन-अमेरिकेत मैलात असतो, 70 ची पाटी म्हणजे आपले साधारण 112. मोबाईल हातात नको, स्टँडवर लावा आणि मॅप ऑफलाईन उतरवून ठेवा. दारूचं तर सांगायलाच नको, जपानमध्ये चालवणाऱ्यासोबत गाडीत बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते.

टोल, पार्किंग, पेट्रोल

किणी नाक्यासारखा नाका दिसेल अशी वाट बघू नका. दुबईचा सालिक, सिडनी-मेलबर्नचे टोल, वरती नुसती कमान असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे कंपनीमार्फत तुमच्या कार्डवर येतात. स्वित्झर्लंडला हायवेसाठी 40 फ्रँकचं वर्षाचं विन्येट, म्हणजे टोलचा पास, लागतं, तिथं घेतलेल्या गाडीला ते असतंच, इटलीतनं घेऊन आत शिरलात तर आपण घ्यायचं. इटलीत अजून एक मोठं प्रकरण म्हणजे झेडटीएल, जुन्या गावाच्या भागात परवानगी नसलेल्या गाडीला बंदी. फ्लॉरेन्स, पिसा, रोम, सगळीकडं कॅमेरे आहेत आणि मॅप कधीकधी सरळ त्यातनंच नेतो. गाडी बाहेरच्या पार्किंगला लावा आणि चालत जा.

ब्रिटनमध्ये दुहेरी पिवळी रेघ, अमेरिकेत फायर हायड्रंटजवळ, तिथं गाडी लावायची नाही. गाडीत बॅग, जॅकेट, काही दिसेल असं ठेवू नका, टुरिस्ट भागात काच फोडून नेतात.

पंपावर आपल्या हातानं भरायचं. नळीच्या रंगावर जाऊ नका: ब्रिटनमध्ये डिझेल काळं आणि पेट्रोल हिरवं, अमेरिकेत बऱ्याच पंपांवर हिरवी नळी डिझेलची. झाकणाच्या आत लिहिलेलं वाचा. अमेरिकेत मशीन पिनकोड मागतं आणि आपला चालत नाही, आत जाऊन काउंटरवर आधी पैसे द्या.

घासली, धडकली तर

आपल्यासारखं रस्त्यावरच मिटवून टाकायचं नाही. गाडी बाजूला, ब्लिंकर चालू, सगळ्यांचे फोटो, समोरच्याचा नंबर आणि विम्याची माहिती, मग कंपनीला फोन. दुबईत बारीक चरा असला तरी पोलिसांचा रिपोर्ट लागतो, त्याशिवाय ना विमा ना दुरुस्ती. युरोपात 112, अमेरिकेत 911, ब्रिटनमध्ये 999, ऑस्ट्रेलियात 000, न्यूझीलंडमध्ये 111, जपानमध्ये पोलिसांना 110. निघतानाच फोनमध्ये सेव्ह करा.

परत देताना

एअरपोर्टच्या जवळच्या पंपावर टाकी फुल करून पावती ठेवा. विमानाच्या वेळेच्या आधी भरपूर वेळ काढून जा, आणि शक्यतो ऑफिस उघडं असताना. माणसासमोर गाडी तपासून घ्या, "नुकसान नाही" असं लिहून किंवा ईमेलवर मागा. ऑफिस बंद असेल तर किल्ली पेटीत टाकायच्या आधी परत तसाच व्हिडिओ, चारी बाजू, रिम, काटा, आणि गाडी कुठं लावलीय ती जागा पण.

घरी आल्यावर व्हिडिओ, करार, पावत्या डिलीट करू नका. इटलीत परदेशी माणसाला दंडाची नोटीस 360 दिवसांपर्यंत येऊ शकते, आणि त्याच्या आधी कंपनी नुसती तुमची माहिती पोलिसांना दिल्याचे पैसे कार्डवर लावते, ते दंडात धरलेले नसतात. दोन-तीन महिने कार्डचं स्टेटमेंट नीट बघा. ओळखू न येणारी रक्कम दिसली तर आधी कंपनीला ईमेल करून कशाची ते विचारा, समाधानकारक उत्तर नाही आलं तर करार आणि व्हिडिओ जोडून बँकेत डिस्प्यूट टाका, आणि हे लवकर करा कारण त्याला बँकेची मुदत असते.